बेलिफाला नोटीस

पोस्टमन दारात उभा होता आणि आमचे हे न्हाणीघरात आतून कडी लावून बसले होते.

"बापूराव यदू देवकर कोण? रजिस्टर आहे," पोस्टमन म्हणाला.

बापूमामा समोरच्या खोलीत कॉटवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला, सही केली आणि पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "कराडहून कराडला," ते म्हणाले. "पाठवणाऱ्याचा पत्ताही हाच दिसतोय. सूनबाई, हे आपल्या घरातनं आपल्याच घरी आलंय बघ."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच कणीक मळायला घेतली. पाकिटात काय होतं ते मला ठाऊक होतं. मामांनी आमच्या घरातून जावं, अशी ती नोटीस होती. ह्यांनी ती चार दिवस खपून लिहिली होती, आणि घरातल्या घरात हातात द्यायचा धीर होईना म्हणून स्टँडजवळच्या पोस्टातून रजिस्टर केली होती. दहा पावलांवर बसलेल्या माणसाला पोस्टानं नोटीस पाठवणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. हे कराडच्या एसटी डेपोत कारकून होते. बापूमामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे चुलतभाऊ, मुक्काम विटा. चैत्रात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस म्हणून ते आले. ट्रंक घेऊन आले तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तीन दिवसांसाठी ट्रंक कोण आणतं? पण मी आपली हौशीनं त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत बसले. चैत्राचा वैशाख झाला, पट्टी निघाली, नवा चष्मा आला, गणपती येऊन गेले, तरी मामा काही हलले नाहीत.

बरं, माणूस वाईट असता तर एकदाची भांडून मोकळी झाले असते. पण मामा सकाळी उठून नळाचं पाणी भरून ठेवायचे. भाजी निवडून द्यायचे. फक्त ती कुठली आणायची हेही तेच ठरवायचे. बेल वाजली की दार उघडून "या, बसा" म्हणायचे आणि मला आतून पाणी आणायला सांगायचे. डबे लावायची माझी पद्धत त्यांना पटत नव्हती, म्हणून एका दुपारी त्यांनी ते सगळे उंचीप्रमाणे लावून टाकले. मला पुढं आठ दिवस मोहरी सापडत नव्हती.

आणि समोरची खोली गेली, ती गेलीच. लग्नानंतर सहा वर्षांत आम्ही पाच घरं बदलली होती. कुठं पाणी नाही, कुठं मालक कटकट्या. हे सहावं. या घरात मी समोरच्या खोलीत शिवणाचा क्लास काढला होता. नऊ मुली यायच्या. मी दहावी नापास बाई, पण त्या मला टीचर म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, ते ऐकलं की दिवसभर अंगात बळ यायचं. मामांची कॉट आली आणि मशीन भिंतीला लागलं. त्याच्यावर मामांची धोतरं वाळायची.

एवढं सगळं मी गिळलं असतं. पण घरमालकीण जंगमकाकू ते गिळणार नव्हत्या. त्यांच्या एका खोलीत पूर्वी भाडेकरूचा मेव्हणा असाच चार दिवसांसाठी आला होता, तो चौदा वर्षांनी गेला. त्या कोर्टाच्या खेपा घालता घालता त्यांचे यजमान गेले, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे अकरा महिन्यांच्या करारात आमची दोघांचीच नावं होती आणि तिसरं माणूस ठेवायचं नाही हेही त्यात लिहिलेलं होतं.

काकू गच्चीवरून खाली आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दसऱ्याला करार संपतो. तोवर ते गेले, तर तुम्ही सुखानं राहा. नाही गेले, तर तिघांनी मिळून दुसरी जागा बघा. माझा तुमच्यावर राग नाही हं. पण पुन्हा कोर्टाची पायरी चढायची ताकद माझ्यात नाही."

मी त्याच दिवशी मामांना स्पष्ट सांगितलं, "मामा, तुम्ही राहिलात तर आमचं घर जाईल."

मामा शांतपणे म्हणाले, "मी एकतीस वर्षं कोर्टात बेलिफ होतो. समन्स दिली, नोटिसा दिल्या, घरं रिकामी करून घेतली. तोंडी सांगण्यावरनं मी कुणाला हलवलं नाही नि मीही हलणार नाही. घालवायचं असेल तर कायद्यानं घालवा. कागद आणा."

म्हणून तो कागद. आता मामांनी तो उघडला होता आणि बाहेरून आवाज आला, "मुरलीधर, बाहेर ये रे. टाकीतलं पाणी संपेल."

हे ओल्या डोक्यानं बाहेर आले. मीही कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिले. मामांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"तीर्थस्वरूप बापूमामा यांस, मुरलीधरचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपण आमचेकडे आहात हे आमचे भाग्यच. तथापि काही अडचणींमुळे, आपल्या सवडीने, प्रकृतीस जपून, विट्यास परत जाण्याचा विचार व्हावा. घाई नाही. घर आपलेच आहे. चुकले माकले लेकराला पदरात घ्यावे."

मी कपाळावर हात मारला. कपाळाला कणीक लागली.

"ही नोटीस?" मामांनी चष्म्यावरून ह्यांच्याकडे पाहिलं. "सूनबाई, तांबडं पेन आहे का?"

मी यांत्रिकपणे पेन दिलं. मामांनी कागद मांडीवर घेतला. "पहिली गोष्ट, नोटिशीत साष्टांग नमस्कार घालत नाहीत. ज्याला घालवायचंय त्याच्याच पाया पडलास तर तो जाईल कशाला? दुसरी गोष्ट, तारीख कुठाय? सवडीनं म्हणजे कधी? मला सवड पुढच्या चैत्रात आहे. तिसरी गोष्ट, घर आपलेच आहे, असं तू सहीनिशी लिहून दिलंयस. आता हा कागद मीच जपून ठेवतो."

आणि त्यांनी खरोखरच ती नोटीस घडी घालून ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावलं.

"अहो, असं कसं लिहिलंत तुम्ही?" मी आत येऊन ह्यांना धरलं.

"मग काय लिहू? मामा आहेत ते. लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेला नेलंय त्यांनी. आणि घर आपलंच आहे असं सगळेच लिहितात."

"सगळे लग्नाच्या पत्रिकेबरोबर लिहितात. घरातनं जा म्हणताना कुणी लिहीत नाही."

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना न सांगता वकिलाकडे गेले. ॲडव्होकेट निलोफर मुजावर, माझ्या क्लासमधल्या एका मुलीची मावशी. माझ्याच वयाच्या. मी ह्यांची नोटीस तोंडपाठ म्हणून दाखवली, तेव्हा त्या एवढ्या हसल्या की शेजारचा टायपिस्ट उठून बघायला आला.

"हसू नका हो मॅडम," मी म्हणाले. "त्यांनी तो कागद ट्रंकेत ठेवलाय. घर त्यांचंच आहे असं आम्हीच लिहून दिलंय."

"ताई, तसं लिहून घर कुणाचं होत नाही. होत असतं तर आमच्या सासऱ्यांच्या पत्रांवर अर्धं कराड घरमालक झालं असतं." त्यांनी डोळे पुसले आणि मग सरळ बसून नीट समजावलं. "पाहुणा तो पाहुणाच. तुमच्या परवानगीनं राहतो. भाडेकरू नाही, मालक नाही. परवानगी काढून घेतली की त्याचा राहण्याचा हक्क संपला. पण ती लेखी काढायची. करारावर ज्यांची नावं आहेत त्यांच्या सह्या. तारीख घालून मुदत द्यायची, पंधरा दिवस पुरेत. दोन साक्षीदारांसमोर हातात द्यायची आणि मिळाली म्हणून सही घ्यायची. मुदत संपूनही गेले नाहीत तर पोलिसात अर्ज, नाहीतर कोर्ट. ते मी बघते."

"आणि तोवर?"

"तोवर अंगाला हात लावायचा नाही. सामान बाहेर टाकायचं नाही. कुलूप बदलायचं नाही. पाणी, दिवा तोडायचा नाही. तसं केलंत तर ते बरोबर ठरतील आणि तुम्ही चूक."

"जेवायला वाढायचं का?"

"ते कायद्यात नाही," मॅडम म्हणाल्या. "वाढा की."

घरी येऊन मी स्वतः नोटीस लिहिली. पाच ओळींची. ह्यांच्यापुढं ठेवली तर हे म्हणाले, "आईला काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "आईंना सांगा, सूनच वाईट आहे. तशीही त्यांना शंका आहेच." ह्यांनी डोळे मिटून सही केली. ती रेषेच्या खाली गेली, पण सही होती.

संध्याकाळी चहा झाल्यावर मी जंगमकाकूंना बोलावलं. मुजावर मॅडमही आल्या. मी कागद मामांच्या हातात दिला. कुणाला जेवू घालताना माझा हात कधी थांबला नाही, पण जा म्हणायची सवय नव्हती.

मामांनी दोनदा वाचलं. कागद उलटा करून पाठ बघितली. तारखेवर बोट ठेवून महिन्याचा हिशेब केला.

"आदरणीय कशाला?" ते म्हणाले. "नुसतं श्री. लिहायचं. बाकी बरोबर आहे."

आणि 'मिळाली' असं लिहून त्यांनी खाली ठसठशीत सही केली. जंगमकाकू माझ्याकडे बघून मान हलवून गेल्या. मुजावर मॅडम जाताना कानात म्हणाल्या, "सोपा दिसतोय की माणूस." मी म्हटलं, "दिसतात."

कारण मामांनी पुढं काहीच केलं नाही. बांधाबांध नाही, विट्याला पत्र नाही, काही नाही. पाणी भरत राहिले, भाजी निवडत राहिले. मी रोज कॅलेंडरवरची तारीख बघायची आणि रोज त्यांना वाढायची. सातव्या दिवशी पुरणपोळी केली तेव्हा त्यांनी पाच खाल्ल्या. हे म्हणाले, "बघ, आता कसले जातात." माझा जीव टांगणीला लागला होता. दसरा तोंडावर आला होता आणि सातवं घर शोधायचं म्हटलं की मला रडू यायचं.

तेराव्या दिवशी दुपारी मी मशीनवरची धोतरं काढून घड्या घालत होते. मामा कॉटवर बसून माझ्याकडे बघत होते.

"नोटीस देताना तुझा हात कापला का गं?" त्यांनी एकदम विचारलं.

"कापला. पण गुडघे जास्त कापत होते."

"दिसलं नाही." ते उठले, ट्रंक उघडली आणि तळातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. पाकीट जुनं, कडा मळलेल्या. वर नाव होतं, हणमंत ज्ञानदेव माने. पत्ता विट्याचा, मामांच्याच घराचा.

"हा कोण?"

"माझा सख्खा भाचा. बहीण गेली त्या साली आला, बायकोला घेऊन. तीन दिवसांसाठी." मामा जरासे हसले. "दोन वर्षं होऊन गेली. आधी त्यांनी माझी खोली घेतली. मग माझी कॉट ओसरीवर आली. मग सून म्हणायला लागली, मामा खोकतात, पाहुण्यांपुढं बरं दिसत नाही. घर माझं, सातबारा नि घरपट्टी माझ्या नावची, आणि दूध मागताना मला लाज वाटायला लागली. ही नोटीस लिहूनही दीड वर्ष झालं. एकतीस वर्षं दारोदार फिरलो. लोकांनी शिव्या दिल्या, कुत्री सोडली. एका बाईनं आधी पाणी दिलं नि मग शिव्या दिल्या. सगळीकडं नोटीस देऊन आलो. ही एक तेवढी देता येईना."

पाच महिने मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते सगळं आठवलं आणि माझी मलाच शरम वाटली.

"मग डोळ्याचं निमित्त झालं," मामा म्हणाले. "म्हटलं, पाहुणाच व्हायचं तर नीट जेवायला मिळतं तिथं व्हावं. चुकलंच माझं. तुझं घर जाईल एवढं व्हायला नको होतं. पण तू घाबरू नको. तुझा कागद पक्का आहे. परवा मुदत संपते, परवा मी जातो. ओसरी आहेच."

मी पाकीट त्यांच्या हातात परत दिलं. "ओसरी नाही. ही नोटीस घ्या. मी येते तुमच्याबरोबर."

पंधराव्या दिवशी सकाळी ह्यांनी डेपोतून जाऊन विट्याच्या गाडीत पुढची जागा धरून ठेवली. ट्रंक टपावर चढवली. मामांच्या पाया पडले. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "पुन्हा या मामा, राहायलाच या." आणि लगेच माझं तोंड बघून जीभ चावली.

विट्यात मामांचं घर छान होतं. पुढं ओसरी, मागं परसात शेवगा. ओसरीवर त्यांची जुनी कॉट होती आणि तिच्यावर कांदे पसरले होते. हणमंत बाहेर आला. जाडजूड, हसतमुख माणूस. मागून त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"या मामा, या. डोळा कसाय?" हणमंत म्हणाला. "किती दिवस मुक्काम?"

स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला त्यानं हे विचारलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, आता हे म्हणणार दोन दिवस, आणि कांदे बाजूला सारून त्या कॉटवर बसणार.

मी हळूच म्हणाले, "मामा, नुसतं श्री. लिहिलंय ना? मग द्या."

मामा ताठ उभे राहिले. टोपी नीट केली. खिशातून पाकीट काढलं आणि एका दमात म्हणाले, "श्री. हणमंत ज्ञानदेव माने, ही नोटीस आपल्याला बजावण्यात येत आहे."

हणमंतला वाटलं, थट्टा चाललीय. त्यानं वाचलं आणि त्याचं हसू उतरलं. कागद त्यानं परत पुढं केला. "मामा, घरच्या घरात हे काय? मी नाही घेत असलं काही."

"नाही घेतलीस तर दाराला चिकटवतो," मामा म्हणाले. त्यांनी पिशवीतून डिंकाची बाटली काढली. "साक्षीदार बरोबर आणलाय. समोरच्या शेलारांना हाक मारली की दुसरा होईल. एकतीस वर्षं हेच केलंय मी."

हणमंतची बायको मला म्हणाली, "तुम्ही कोण ओ?"

"मी ह्यांची भाचेसून," मी म्हणाले. "ह्यांना माझ्या घरातून काढलंय ना, ती मीच."

तिनं तांब्या खाली ठेवला. हणमंतनं थोडा वेळ ओसरीवर येरझाऱ्या घातल्या, मग पेन मागितलं आणि सही केली. तारीख मामांनी सकाळी गाडीत नवी घातली होती, आणि पंधरा दिवसांची मुदत होती. पाळेल असं वाटत नव्हतं, पण पुढं त्यानं ती पाळली. बायकोच्या माहेरी तासगावला गेला.

सही करून त्यानं कागद मामांना दिला आणि खवचटपणे म्हणाला, "ठीक आहे. पण पंधरा दिवस तर मी इथं आहे. तोवर तुम्ही कुठं राहणार?"

दसरा दोन दिवसांवर होता. जंगमकाकूंनी कराराचा कागद टाईप करून ठेवला होता. माझं घर, माझं मशीन, माझ्या नऊ मुली, सगळं मला दिसत होतं. आणि तरी मी तोंड उघडलं.

"इथंच," माझ्या आधी मामा म्हणाले, जरा मोठ्यानंच. "माझ्या घरात, माझ्या खोलीत. कांदे उचल आणि कॉट आत घे."

हणमंतनं कांदे उचलले.

चहा पिऊन मी निघाले. मामा स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी लागलेली होती. मी चढले, खिडकीशी बसले. मामा खाली उभे होते. कंडक्टरनं दोरी ओढली तेव्हा ते खिडकीच्या गजाला धरून जवळ आले.

"मघाशी तू काय म्हणणार होतीस, ते मला कळलं बरं का," ते म्हणाले. "म्हणून मी घाईनं बोललो. तू 'आमच्याकडे' म्हणाली असतीस ना सूनबाई, तर मी आलो असतो बघ."